इंटरव्ह्यूत प्रश्न फक्त त्यांनीच विचारायचे असतात असं कोण म्हणालं?

गेल्या काही महिन्यांत जॉब स्विचचा सगळा राडा एकदाचा उरकला आणि तेव्हापासून टीममधल्या ज्युनियर पोरापोरींचे, मावस-चुलत भावंडांचे, एवढंच काय सोसायटीतल्या काकूंच्या मुलाचे सुद्धा मेसेज येतायत की ताई अभ्यास कसा केलास, कुठली शीट (सरावाच्या प्रॉब्लेमची यादी) केलीस, लीटकोड या सरावाच्या साईटवरचे किती प्रॉब्लेम केले की पुरे. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी बॅकएंडवाली आहे, जावा आणि स्प्रिंग बूट, पुण्यातच, आणि गेली काही वर्षं कंपनीसाठी स्वतः इंटरव्ह्यू घेते पण, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. फ्रंटएंड आणि डेटावाल्यांचं थोडं वेगळं असतं, ते त्यांनी त्यांच्या लोकांना विचारा.

शीटचं सांगते पुढे. आधी जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्याकडे इंजिनिअरिंगला ओरल असते ना, एक्स्टर्नल येतो, सबमिशनची फाईल उलटीसुलटी चाळतो, मग एकेक प्रश्न टाकतो, आणि सिनियर्सनी आपल्याला आधीच बजावून ठेवलेलं असतं की गप्प बसायचं नाही, आलं नाही तरी काहीतरी बोलत राहायचं. आणि एक्स्टर्नललाच उलट प्रश्न? छे, कुणाची हिंमत. चार वर्षं हे करून बाहेर पडलेलं पोरगं इंटरव्ह्यूला बसतं तेव्हा डोक्यात तीच ओरल चालू असते. प्रॉब्लेम वाचून झाला की लगेच टाईप करायला सुरुवात, कारण थांबलं तर समोरच्याला वाटेल येत नाही. मी घेतलेल्या इंटरव्ह्यूंमध्ये रिजेक्ट झालेले बहुतेक लोक इथेच गेलेत. कोडिंग येत होतं त्यांना. पण जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर लिहीत बसले होते.

आता राऊंडनुसार सांगते, पण प्रत्येक ठिकाणी हेच, म्हणजे आधी विचारून घ्या, पुन्हा येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सुरुवात होते रिक्रूटरच्या फोनने, आणि त्याला टेक्निकल काहीच नको असतं. करंट सीटीसी (म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा आपला एकूण खर्च), एक्सपेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड, झालं. त्यात नोटीस पिरियड नव्वद दिवस म्हटलं की पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग "ओके, आय विल गेट बॅक टू यू". आपल्या आयटीत नव्वद दिवसांचं हे जे प्रकरण आहे ते सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे, कारण कंपनीला माणूस हवा असतो लगेच आणि माणूस सुटतो तीन महिन्यांनी, मग तो त्या तीन महिन्यांत अजून दोन ऑफर गोळा करतो, मग आधीच्या दोघांना जॉइनिंगच्या आदल्या दिवशी नाही म्हणतो, मग त्या कंपन्या पुढच्या वेळी "इमिजिएट जॉइनर ओन्ली" लिहितात. दोष कुणाला द्यायचा? तर इथे विचारायचं ते हे, की नोटीस बायआऊट करता का, म्हणजे आमच्या कंपनीला उरलेल्या दिवसांचे पैसे तुम्ही भरता का, आणि भरलेत तर ते नंतर माझ्या पगारातून तर नाही ना वळते करणार. बऱ्याच ठिकाणी बायआऊट मिळतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि हो, नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाईल रोज सकाळी उघडून एखादा शब्द इकडचा तिकडे करून सेव्ह करा. हसू नका, लास्ट अपडेटेड ताजं दिसलं की सर्चमध्ये वर येतं, आणि फोन लगेच वाढतात. सगळे करतात.

मग ऑनलाइन असेसमेंट. हॅकररँक किंवा तसलंच काहीतरी, दीड तास, दोन-तीन प्रॉब्लेम, कॅमेरा चालू, टॅब बदलला की वॉर्निंग. इथे समोर माणूसच नाही मग प्रश्न कुणाला विचारणार? तर प्रॉब्लेमच्या खाली बारीक अक्षरात कन्स्ट्रेंट्स, म्हणजे इनपुटच्या मर्यादा, दिलेले असतात, त्यांना विचारायचं. लोक तो भाग वाचतच नाहीत, सरळ वरच्या उदाहरणावर जातात. समजा लिहिलंय की एन, म्हणजे इनपुटमध्ये किती आकडे, जास्तीत जास्त एक लाख. दोन नेस्टेड लूप, म्हणजे एकात एक, लावलेत तर एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे एक हजार कोटी स्टेप्स. साधारण ठोकताळा असा की सेकंदाला दहा कोटी साध्या ऑपरेशन धरायच्या, म्हणजे हे मिनिटभरापेक्षा जास्त गेलं, टाईम लिमिट असते एक-दोन सेकंद. तेव्हा तो मार्ग लिहायलाच नको. उलट एन वीसच्या आसपास असेल तर प्रॉब्लेम सेट करणाराच सांगतोय की बाबा सगळी कॉम्बिनेशन्स करून बघ, दोनाचा विसावा घात म्हणजे जेमतेम साडेदहा लाख होतात. आणि व्हॅल्यूज शंभर कोटीपर्यंत असतील तर बेरीज इंटमध्ये (जावातला छोटा पूर्णांक प्रकार) ठेवायची नाही, इंटची मर्यादा २१४ कोटींच्या आसपास संपते, त्याहून मोठा लाँग घ्या. दिसणाऱ्या टेस्ट केस सगळ्या पास आणि हिडन मधल्या अर्ध्या फेल, असं ज्यांचं होतं त्यांचं बऱ्याचदा एवढ्याशावरून झालेलं असतं.

आता डीएसए राऊंड, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, ज्याची सगळ्यांना धास्ती असते. शीटचं उत्तर इथेच देते: कुठलीही चालेल. स्ट्रायव्हरची घ्या, ब्लाइंड ७५ घ्या, नीटकोडची घ्या, पण एकच घ्या आणि संपवा. चार शीट अर्धवट करणारे लोक मला माहितीयेत, चारही ठिकाणी सुरुवातीचे अ‍ॅरे आणि स्ट्रिंग पाठ, ग्राफपर्यंत कुणी पोचलेलंच नाही.

एक प्रॉब्लेम जरा नीट बघू, कारण मी स्वतः इंटरव्ह्यू घेताना तो बऱ्याचदा विचारते (आता लिहिलंय म्हटल्यावर बदलावा लागणार). एक अ‍ॅरे, म्हणजे संख्यांची यादी, दिलाय, एक संख्या के दिलीये, ज्यांची बेरीज बरोबर के येते असे सलग तुकडे किती ते सांगायचं. दहातले सातजण दहा सेकंदांत म्हणतात, स्लायडिंग विंडो. आणि लिहायला लागतात. विंडो, म्हणजे सलग घेतलेला तुकडा, वाढवायची, बेरीज के च्या वर गेली की मागून कमी करायची, दिसायला मस्त कोड. मी काही बोलत नाही. वाट बघते की कुणी विचारतंय का, की यात निगेटिव्ह संख्या असू शकतात का. कारण अ‍ॅरे जर ८ आणि -१ असा असेल आणि के असेल ७, तर विंडोत पहिला आला ८, तो सातपेक्षा मोठा, म्हणून काढून टाकला, मग आला -१, एकटा, आणि उत्तर शून्य. खरं तर दोघांची मिळून बेरीज सातच आहे. संख्या सगळ्या पॉझिटिव्ह असतील तरच "वर गेली की मागून कमी करा" हे चालतं, निगेटिव्ह आले की बेरीज पुढे जाऊन परत खाली येऊ शकते, त्यामुळे विंडोचा पायाच ढासळतो.

निगेटिव्ह आहेत म्हटल्यावर मग रस्ता प्रिफिक्स समचा. सुरुवातीपासून इथपर्यंतची बेरीज ठेवत जायची, आणि आत्तापर्यंत कुठली बेरीज किती वेळा दिसली ते मॅपमध्ये, म्हणजे एका नोंदवहीत. प्रत्येक पायरीला चालू बेरीज वजा के, हे मॅपमध्ये किती वेळा आहे ते बघायचं आणि उत्तरात मिळवायचं. वरच्याच उदाहरणात ८ आला, आठ वजा सात एक, मॅपमध्ये नाही. मग -१ आला, बेरीज ७, सात वजा सात शून्य, आणि इथे मॅपमध्ये शून्य आधीपासून एकदा टाकून ठेवलेला असेल तरच उत्तर १ येतं. ही सुरुवातीची शून्याची नोंद निम्मे लोक विसरतात. विसरले म्हणून मी कुणाला रिजेक्ट नाही करत, हाताने एक छोटं उदाहरण चालवून बघितलं की लगेच सापडतं. पण चालवून बघतच नाहीत ना! "डन" म्हणून माझ्याकडे बघतात. ज्या मुलीला मी सगळ्यात वरचं रेटिंग दिलं होतं तिने पहिली पाच मिनिटं कोड लिहिलाच नव्हता, निगेटिव्ह आहेत का, अ‍ॅरे रिकामा असू शकतो का, तुकडे मोजायचेत की प्रत्यक्ष द्यायचेत, के शून्य असला तर, एवढं विचारून घेतलं आणि मग म्हणाली की ओके, मग विंडो नको. तिचं शेवटचं कोड पूर्ण कम्पाईल पण झालं नव्हतं.

अजून एक आवडता प्रश्न म्हणजे बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी अर्धा भाग टाकून देत शोधणं) मिड, म्हणजे मधली जागा, कसा काढता. (लो अधिक हाय) भागिले दोन, सगळ्यांचं तोंडपाठ. जोशुआ ब्लॉकनी २००६ मध्ये लिहिलं होतं की जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हीच ओळ होती, त्यांनीच लिहिलेली, आणि जवळपास नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही की अ‍ॅरे फार मोठा असेल, म्हणजे एकशे सात कोटी एलिमेंट्सच्या वर, तर लो आणि हायची बेरीजच इंटच्या बाहेर जाऊन निगेटिव्ह होते. म्हणून लो अधिक (हाय वजा लो) भागिले दोन लिहायचं. आता हे पाठ करून म्हणून दाखवणारे पण आलेत, त्यांना मी विचारते की बरं, मग पायथनमध्ये हा बग येईल का? तिथे पूर्णांकाला मर्यादाच नाही, म्हणजे येत नाही. ज्याला समजलंय तो एका सेकंदात हसतो, ज्याने पाठ केलंय तो परत लो अधिक हाय वजा लो सुरू करतो.

कोडी मात्र आता जवळजवळ गेली, बरं झालं. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, विमानात गोल्फचे बॉल किती मावतील, हे असलं काय काय विचारायचे पूर्वी. गुगलचे तेव्हाचे एचआर प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ मध्ये उघडच सांगून टाकलं की असल्या कोड्यांमधून काही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं एवढंच. तरी अधूनमधून एखादा सिनियर आर्किटेक्ट भेटतो ज्याला आठ नाणी आणि एक तराजू विचारल्याशिवाय चैन पडत नाही. त्याला उत्तर द्या आणि पुढे चला.

मशीन कोडिंग राऊंड हा माझा सगळ्यात आवडता, बेंगळुरूच्या प्रॉडक्ट कंपन्यांनी हा फार रुजवला आणि आता पुण्यात पण सर्रास असतो. दीड तासात एक छोटी चालणारी सिस्टिम लिहायची, पार्किंग लॉट, लिफ्ट, सापशिडी, किंवा खर्च वाटून घेणारं स्प्लिटवाइजसारखं अ‍ॅप. डेटाबेस नको, यूआय नको, कन्सोलवर चाललं तरी बास. लोक काय करतात, तर पहिली चाळीस मिनिटं फॅक्टरी, स्ट्रॅटेजी, ऑब्झर्व्हर, जेवढे डिझाईन पॅटर्न यूट्यूबवर बघितलेत तेवढे सगळे कोंबतात, आणि शेवटी प्रोग्राम चालवून बघायला दहा मिनिटं उरतात. खर्च वाटणीचाच प्रॉब्लेम घ्या. तिघं गोव्याला गेले, शंभर रुपयांचं काहीतरी घेतलं, तिघांत समान वाटा. ३३.३३ गुणिले तीन, ९९.९९. एक पैसा गेला कुठे? डबल (दशांश आकड्यांचा प्रकार) वापरलंत तर अजून वेगळेच आकडे निघतात, कारण बायनरीत ०.१ नेमका लिहिताच येत नाही. पैसे नेहमी पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवायचे, दहा हजार पैसे भागिले तीन, ३३३३ आणि बाकी एक, आणि मग तो उरलेला एक पैसा कुणाच्या नावावर टाकायचा ते समोरच्याला विचारायचं! पहिल्याच्या? ज्याने बिल भरलं त्याच्या? दोन्ही चालतं, त्याला फक्त बघायचं असतं की तुम्हाला तो पैसा दिसला का. मला एका ठिकाणी इंटरव्ह्यूअर म्हणाला, चांगलं विचारलंस, आमच्या प्रॉडक्शनमध्ये यावरून महिनाअखेरीला हिशोब जुळत नव्हता. तिथून पुढचा अर्धा तास तो त्यांच्या रिकन्सिलिएशन जॉबबद्दलच बोलत होता, मी ऐकत होते.

सिस्टिम डिझाईनला, म्हणजे मोठी सिस्टिम कशी बांधाल ते सांगायच्या राऊंडला, मात्र आपले लोक घाबरतात आणि घाबरले की काफ्का (मेसेजची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) लावतात. खरंच. कुठलाही प्रश्न द्या, डावीकडे लोड बॅलन्सर, मधे पंधरा मायक्रोसर्व्हिस, खाली काफ्का, बाजूला रेडिस, आणि कॅसांड्रा. का? तर व्हिडिओत तसंच होतं. सगळ्यात आधी विचारा किती लोक वापरणार, दिवसाला किती रिक्वेस्ट, वाचन जास्त की लिहिणं जास्त. समजा तो म्हणाला दिवसाला एक कोटी रिक्वेस्ट. ऐकायला केवढं मोठं वाटतं. दिवसात सेकंद ८६,४००, म्हणजे भागाकार केला की सेकंदाला एकशे सोळा. पीकला पाचपट धरा, तरी सहाशेच्या आत. साध्या वाचायच्या-लिहायच्या कामाला एक नीट इंडेक्स लावलेला पोस्टग्रेस डेटाबेस आणि त्याची एक रेप्लिका, म्हणजे प्रत, आरामात पुरते. एवढा एक भागाकार मोठ्याने करून दाखवला की पुढची चर्चा वेगळ्याच पातळीवर जाते, कारण मग तोच विचारतो की बरं, आता शंभरपट झालं तर आधी काय तुटेल, आणि तुम्हाला खरोखर विचार करायला जागा मिळते. यूआरएल शॉर्टनरला, म्हणजे लांब लिंक छोटी करणाऱ्या सिस्टिमला, पण तेच, अंक आणि लहान-मोठी अक्षरं मिळून ६२ चिन्हं, सात जागा, बासष्टचा सातवा घात म्हणजे साधारण साडेतीन लाख कोटी लिंक. सात पुरतात की सहा, हे आकड्यावरून सांगा, आठवणीतून नको.

तत्काळ तिकिटाचा प्रश्न मला दोन वेगवेगळ्या कंपन्यांत आला आणि मला तो फार भारी वाटतो, कारण त्यात एक कोटी भागिले ८६,४०० चालतच नाही. एसीचं दहाला उघडतं, नॉन एसीचं अकराला, आणि सगळा जीव त्या पहिल्या दोन मिनिटांत असतो, दिवसाच्या सरासरीला काही अर्थ नाही. शिवाय सगळे एकाच गाडीच्या त्याच मोजक्या बर्थवर तुटून पडलेले, त्यामुळे नुसते सर्व्हर वाढवून भागत नाही, कुलूप तर डेटाबेसमधल्या त्या एकाच रोवर, म्हणजे ओळीवर, लागणार. मग रांग लावायची का, बर्थ पेमेंट होईपर्यंत काही मिनिटं होल्ड करायची का, पेमेंट गेलं पण उत्तर आलंच नाही तर काय, माणसाने घाबरून पे बटण तीनदा दाबलं तर पैसे तीनदा कापले जाणार का (नाही, प्रत्येक प्रयत्नाला एक आयडेम्पोटन्सी की द्या, तीच की परत आली तर जुनंच उत्तर परत करा). दिवाळीला गावी जायचं तिकीट ज्याने स्वतः काढलंय त्याला हे सगळे प्रश्न सुचतात. आपल्याकडे अनुभव भरपूर आहे हो, आपण तो इंटरव्ह्यूत आणत नाही, तिथे एकदम नेटफ्लिक्सचं आर्किटेक्चर काढायला जातो.

घरून इंटरव्ह्यू देणाऱ्यांना मधेच एक सांगते, पुण्यात असाल तर गुरुवारचा स्लॉट घेऊ नका, महावितरणचं मेंटेनन्स बहुतेक गुरुवारीच निघतं. इन्व्हर्टर राऊटरला पण जोडलाय ना ते बघा, नुसता पंख्याला जोडून उपयोग नाही. आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा. माझ्या आईला अजून हेच कळत नाही की नोकरी असताना माणूस इंटरव्ह्यू का देतो, तेही दार लावून.

मॅनेजर राऊंड, किंवा बिहेवियरल म्हणा. अ‍ॅमेझॉनची सोळा लीडरशिप प्रिन्सिपल्स आणि तो बार रेझर, म्हणजे दुसऱ्याच टीमचा माणूस जो नाही म्हणाला तर गाडं अडतं, हे आता सगळ्यांना माहितीये, आणि बाकीच्या कंपन्या पण त्याचीच कमी-जास्त नक्कल करतात. इथे आपली एक खोड आहे. "आम्ही मायग्रेशन केलं", "आम्ही लेटन्सी कमी केली". आम्ही कोण? समोरचा फॉर्म भरत असतो, त्यात या व्यक्तीने काय केलं असा रकाना असतो, आणि तुम्ही दिलेलं असतं टीमचं प्रगतिपुस्तक. मी मी करायला आपल्याला लाज वाटते, ठीक आहे, पण निदान एवढं तरी की क्वेरी कुणी शोधली, इंडेक्स कुणी सुचवला, विरोध कुणी केला आणि त्याला पटवलं कसं. आणि जुन्या मॅनेजरबद्दल तक्रार नको, कितीही खरी असली तरी.

बायकांना इथे अजून एक वेगळंच ऐकावं लागतं. एका ठिकाणी मला अगदी गोड आवाजात विचारलं की मिस्टर कुठे असतात, पुढचे दोन-तीन वर्षं काही प्लॅन वगैरे. मी विचारलं की हा प्रश्न या रोलच्या कुठल्या कामाशी जोडलेला आहे. गडबडून विषय बदलला त्यांनी. मी पुढची फेरी दिलीच नाही.

शेवटी ते विचारतातच, एनी क्वेश्चन्स फॉर अस? आणि नव्वद टक्के लोक म्हणतात नो, आय थिंक यू कव्हर्ड एव्हरीथिंग. अरे, आता तर तुमची पाळी आली! ऑन-कॉल (बिघाड झाला तर धावायची पाळी) कसा असतो, महिन्यातून किती आठवडे, रात्री फोन वाजला तर दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तर चालतं का. कोड मर्ज झाल्यापासून प्रॉडक्शनला जायला किती दिवस लागतात. शेवटचं मोठं आऊटेज कशामुळे झालं होतं आणि नंतर काय बदललं. आणि माझा लाडका, ही जागा रिकामी का झाली? एका कंपनीत यावर दोघं पॅनेलवाले एकमेकांकडे बघायला लागले, व्हिडिओ कॉलवर सुद्धा ते कळतं, आणि मग निघालं की पाचजणांच्या टीममधले तिघं एकाच तिमाहीत गेलेत आणि कामं तेवढीच आहेत. पगार चांगला होता. नाही गेले.

एआयचं विचारतायत सगळे. हो, लोक दुसऱ्या स्क्रीनवर उत्तर उघडून वाचतात, आणि हो, कळतं. डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात, आणि "हम्म, लेट मी थिंक" नंतर एकदम परिच्छेदच्या परिच्छेद बाहेर पडतो. मी काय करते, मधेच अट बदलते. आता समज सगळ्या संख्या पॉझिटिव्ह आहेत, तर काय सोपं होईल? ज्याने स्वतः विचार केलाय तो लगेच म्हणतो की मग विंडो चालेल, मॅपची जागा वाचेल. वाचणाऱ्याला परत टाईप करावं लागतं, तेवढ्या वेळात तो प्रश्न पुन्हा मोठ्याने म्हणत बसतो. गुगलच्या सुंदर पिचईंनी २०२५ मध्ये सांगितलं की किमान एक राऊंड समोरासमोर घेण्याकडे ते परत वळतायत, आणि आमच्याकडे पण शेवटचा राऊंड ऑफिसात बोलवायला लागलेत. खराडीपर्यंत जायचं म्हणजे ट्रॅफिकचा वेगळा राऊंड, पण मला बरंच वाटलं, व्हाईटबोर्डवर बोलणं सोपं जातं.

मग एचआर. इथे सगळे दमलेले असतात आणि आकडा ऐकून हो म्हणून टाकतात. सीटीसी तीस लाख म्हणजे महिन्याला अडीच लाख नव्हे, एवढं तर सगळ्यांना माहितीये, पण त्यात काय काय कोंबलेलं असतं ते कागदावर मागा. कंपनीचा पीएफचा वाटा त्यातच, ग्रॅच्युइटी त्यातच, जी साधारणपणे सलग पाच वर्षं राहिलात तर मिळते. इन्शुरन्सचा हप्ता काहीजण त्यातच धरतात. व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग) आहे तर गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं, हे विचारा, "अपटू शंभर टक्के" या वाक्यातला अपटू लक्षात घ्या. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का, लागत असेल तर टॅक्स कापून हातात आलेला की पूर्ण? स्टॉक दाखवलेत ते एका वर्षाचे की चार वर्षांचे मिळून? मला ज्या ऑफर आल्या त्यातल्या एकीत चार वर्षांचे मिळून स्टॉक पहिल्याच वर्षाच्या सीटीसीत धरलेले होते, आणि विचारलं तेव्हा फोनवरची मुलगी म्हणाली की मॅम, सगळे असंच मोजतात. कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नसेल तर ते विकायचे कुठे आणि कधी, हेही विचारायचं.

हे सगळे प्रश्न मी फोनवर न विचारता एका मेलमध्ये नंबर टाकून पाठवले आणि खाली लिहिलं की महिन्याला हातात किती येणार त्याचा ब्रेकअप द्या. एका एचआरने दुसऱ्या दिवशी एक्सेल पाठवली, रकान्यासकट. दुसऱ्याने चारदा फोन केला पण लिहून काही दिलं नाही. आकडा दुसऱ्याचा मोठा होता. मी एक्सेलवालीकडे जॉइन झाले.